केंद्रातून सुटल्यावर : भंडाऱ्यातील दारू, व्रत आणि तिसरे घर

भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडई सुरू होते. पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकाला हा शब्द भाजीबाजाराचा वाटेल. झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवाळीनंतर आज या गावी, उद्या त्या गावी भरणारी जत्रा. धान कापणीला आलेले असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, घराघरांत पाहुणे उतरलेले असतात. दिवसा दंडार, रात्री नाटक. आणि मागच्या पडवीत, पाहुण्यांसाठी म्हणून आणलेली मोहाची बाटली. यात कुणाला वावगे वाटत नाही. मलाही कित्येक वर्षे वाटले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ नागपूरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रातून सुटणार होता. ही त्याची तिसरी खेप. पहिल्या खेपेनंतर तो चार महिने टिकला होता. दुसऱ्या खेपेनंतर अकरा दिवस; अकरावा दिवस आमच्या गावच्या मंडईचा होता. म्हणून या वेळी आईने फोनवर मला बजावले, "मंडई होऊ दे, मंगच आनजो त्याले." मी हो म्हटले. पण फोन ठेवल्यावर लक्षात आले, मंडई होईपर्यंत त्याला ठेवायचे कुठे? आणि मंडई संपली तरी पुढे मार्चमध्ये मोह फुलणार, एप्रिल-मेमध्ये लग्ने येणार. भावाला विचारले तर तो म्हणाला, "घर बेस आहे ताई, रस्ता बेस नाही." बसथांब्यापासून आमच्या घरापर्यंतच्या वाटेवर दारू मिळण्याची तीन ठिकाणे आहेत. ती मी मोजली नव्हती. त्याने मोजली होती.

दारू सुटावी कशी यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. सुटल्यावर माणसाने राहावे कुठे, यावर फार थोडे. या प्रश्नाला आपल्याकडे काही इतिहास आहे का, हे मी त्या दिवाळीपासून शोधू लागले. सुरुवात अर्थातच गरजेतून झाली. नंतर दिसले की इतिहास आहे; फक्त तो 'राहण्याचा' इतिहास म्हणून कुणी वाचलेला नाही. राज्याने एक उत्तर दिले, पंथांनी दुसरे दिले, केंद्रांनी तिसऱ्याला हात घातला आणि ते अर्धे सोडले. या तिन्हींकडे भंडाऱ्यातून पाहायचे आहे.

राज्याचे उत्तर : गावच बदला

भंडारा जिल्हा १९९९ साली दोन झाला आणि गोंदिया वेगळा निघाला. त्याआधीचा अखंड भंडारा म्हणजे वैनगंगेचे खोरे, तलाव, धान आणि जंगल. या जंगलात मोह आहे. पहाटे अंधारात बायका-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, रात्रभर गळालेली फुले वेचतात, अंगणात वाळवतात. वाळलेले फूल वर्षभर टिकते; ते खायला होते, गुरांना होते, बाजारात विकले जाते. पाण्यात भिजवून आंबवले की त्याचा सडवा होतो आणि सडवा भट्टीवर चढवला की दारू. ज्या फुलावर उन्हाळ्यातले पोट चालते, त्याच फुलावर संसार बुडतो. त्यामुळे मोहाला नुसते शत्रू म्हणून इथल्या माणसाला भागत नाही.

नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर इंग्रजी अमलाने या दारूकडे महसूल म्हणून पाहिले. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले भंडाऱ्याचे गॅझेटियर १९०८ चे आहे. त्या काळच्या सगळ्याच गॅझेटियरांप्रमाणे दारू तिथे अबकारीच्या हिशेबात येते. पिणारा माणूस किंवा त्याचे घर त्या हिशेबात नाही. पुढे १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यात कलार समाजावरच्या लेखाच्या निमित्ताने मोहाच्या दारूचे धार्मिक आणि सामाजिक स्थान आले आहे. जन्म, लग्न, मरण, देवाचा नैवेद्य या सगळ्यांत ती आहे. म्हणजे दारू नाकारणारा माणूस नुसता पेला नाकारत नाही. तो पंगतीतून उठतो.

सुरुवातीची पद्धत ठेक्याची होती. लिलावात जास्त बोली लावणाऱ्याला ठरलेल्या जागी भट्टी लावण्याचा आणि विकण्याचा हक्क मिळे. रक्कम आधीच भरलेली, त्यामुळे जितका खप जास्त तितका नफा. नंतर मध्यवर्ती डिस्टिलरीतून दारू पुरवायची आणि प्रमाणावर कर घ्यायचा, अशी पद्धत आली. कमीत कमी खपातून जास्तीत जास्त महसूल, हे अबकारी खात्याचे घोषित धोरण. महसूल मात्र खपाशीच बांधलेला राहिला.

काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३८ चा दारूबंदी कायदा झाला आणि काही निवडक भागांत बंदी सुरू झाली. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. त्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा नंतर इकडेही लागू झाला. साठच्या दशकात महाराष्ट्राने बंदी सैल केली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूला परवान्याची दुकाने मिळाली. तेव्हापासून पूर्व विदर्भाचा नकाशा ठिपक्याठिपक्यांचा झाला. वर्ध्यात गांधी-विनोबांच्या वारशामुळे बंदी. गडचिरोलीत लोकांच्या मोठ्या आंदोलनानंतर १९९३ पासून बंदी. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. भंडारा ओलाच राहिला. आमच्या लाखांदूर तालुक्याची हद्द ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. इकडे दुकान उघडे आणि तिकडे दारू गुन्हा, असे दोन कायदे एका सायकलफेरीच्या अंतरात नांदतात.

या सगळ्यामागे एक कल्पना आहे : माणसाला हलवू नका, त्याच्या भोवतालची दारू हलवा. ही कल्पना मी हसण्यावारी नेणार नाही. गावातल्या महिला मतदारांनी बहुमताने बाटली आडवी केली तर दुकान बंद करावे लागते, ही तरतूद २००८ च्या आदेशाने स्पष्ट झाली, तेव्हा कित्येक गावांतल्या बायकांनी ती वापरली. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या 'मुक्तिपथ' कार्यक्रमात नुसत्या बंदीवर न थांबता गावपातळीवर उपचारांची शिबिरे जोडली गेली, हेही महत्त्वाचे. पण माझ्या भावापुरते बोलायचे तर परवान्याचे दुकान हे त्या तीन ठिकाणांपैकी एकच होते. उरलेली दोन कागदावर नव्हतीच. कागदावर नसलेली गोष्ट मतदानाने आडवी करता येत नाही.

पंथाचे उत्तर : घर बदला

दुसरे उत्तर सरकारचे नव्हते, आणि ते भंडाऱ्यात जितके रुजले तितके क्वचितच दुसरीकडे रुजले असेल.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. त्यांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा विदर्भातल्या खेड्यांत पसरल्या. व्यसनावर महाराजांनी भजनांतून आणि ग्रामगीतेतून प्रहार केले, हे सर्वांना माहीत आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला सामुदायिक प्रार्थना जास्त महत्त्वाची वाटते. ती संध्याकाळी असते. दारू पिणाऱ्या माणसाची अवघड वेळही तीच : काम संपलेले, जेवण व्हायचे, पाय आपोआप वळायचे. त्या वेळेला गावाच्या मध्यभागी बसायला दुसरी जागा आणि शेजारी बसायला दुसरी माणसे मिळणे, याला उपचार असे नाव कुणी दिले नाही. पण आज समुपदेशक ज्याला 'दिनक्रम लावणे' म्हणतात ते हेच.

त्याहून खोल गेला तो मानव धर्म. नागपूरचे महानत्यागी बाबा जुमदेवजी (१९२१–१९९६) यांच्या मार्गाचे सेवक नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात घरोघर आहेत. एकमेकांना 'नमस्कारजी' म्हणणारी आणि दारावर 'परमात्मा एक' लिहिलेली घरे मोहाडी-तुमसरच्या कुठल्याही रस्त्यावर दिसतील. एकच परमेश्वर, सत्य, मर्यादा आणि प्रेम, आणि व्यसने बंद. हे व्यसनही नुसते दारूचे नाही. गांजा, सट्टा, जुगार, लॉटरी, कोंबड्यांची काती, बैलांच्या पटावरची होड, सगळे त्यात आले. ज्याने ही यादी केली त्याला झाडीपट्टीतला पैसा कुठून गळतो हे नेमके ठाऊक होते.

इथे मला इतिहासाचा एक बारकावा दिसतो. या मार्गात एकटा माणूस येऊन भागत नाही. कुटुंबाने यायचे असते. नियम पाळायचे ते सगळ्या घराने, आणि कुटुंबातली एकी हाही त्यातलाच एक नियम. म्हणजे नवऱ्याने दारू सोडली की पाहुण्यांसाठीची बाटलीही घरातून जाते, कारण ती ठेवणे आता घराच्या नियमात बसत नाही. शिवाय सेवकांच्या बैठका असतात, तिथे इतर घरे तुम्हाला ओळखतात आणि दिसला नाहीत तर विचारतात. 'सोबर होम' हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी भंडाऱ्यातल्या हजारो झोपड्या आणि कौलारू घरे जागच्या जागी तशी झाली होती. माणूस दारूमुक्त घरात राहायला गेला नाही. त्याचे घरच दारूमुक्त झाले.

याची किंमतही आहे आणि ती लपवायला नको. इतर देवदेवता, त्यांचे प्रसाद, त्यांचे सण सोडायचे म्हटल्यावर भावकीत ताण येतो, सोयरिकी अडतात. आमच्याच नात्यात एका घराने मार्ग घेतल्यावर दोन वर्षे जेवणावळी बंद होत्या. आणि ज्याला देवाची ही मांडणी पटत नाही त्याने काय करायचे? माझा भाऊ नास्तिक नाही, पण आई रोज ज्या तसबिरींपुढे दिवा लावते त्या उतरवायला लावून आपण दारू सोडावी, हे त्याला मान्य नव्हते. "माझ्या बिमारीसाठी आईचा देव कायले हटवू?" हे त्याचे म्हणणे. मला त्यात चूक दिसली नाही.

केंद्राचे उत्तर, आणि त्यानंतरची पायरी

तिसऱ्या उत्तराची सुरुवात दवाखान्यातून झाली. फार काळ दारुड्याला ठेवायच्या जागा दोनच होत्या, कोठडी आणि वेड्यांचे इस्पितळ. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनी लोकांसाठी वेगळ्या रुग्णालयांची सोय मानली. तोवर समाजाने आपली वाट धरली होती. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९५७ मध्ये भारतात आले. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. आणि ब्राउन शुगरची लाट पुण्यात पोहोचली तेव्हा अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' उघडले. तिथल्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुनंदा अवचट यांनी त्याला आकार दिला.

मुक्तांगणचा मुक्काम सुमारे पाच आठवड्यांचा. महाराष्ट्रातल्या अनेक केंद्रांनी कमीअधिक तोच साचा घेतला. सुरुवातीचे दिवस शरीराचे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर पहिल्या दोनतीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतते. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. "घरी कोंडून ठेवू, आपोआप सुटेल" म्हणणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे. त्यानंतरचे आठवडे मनाचे. मुक्तांगणने दोन गोष्टी ठळक केल्या : बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते होऊ शकतात, आणि बायकोला, घरालाही उपचारात जागा हवी. 'सहचरी' हा पत्नींचा गट त्यातूनच आला.

पण पाच आठवडे म्हणजे पस्तीस दिवस. माझ्या भावाचे पिणे एकोणीस वर्षांचे. २०१९ मध्ये दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल आला. दारूचे व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसली तरी मदत मिळते आणि १८० पैकी एकालाच भरती होऊन उपचार मिळतात, असे त्यात आहे. ते वाचून मला आधी वाटले, आम्ही नशीबवान. भावाला तीनदा भरती मिळाली. मग वाटले, तीनदा का लागली? कारण दोन्ही वेळा आम्ही छत्तिसाव्या दिवशी त्याला जिथून नेले होते तिथेच आणून सोडले. सरकारी योजना, देणग्या आणि वर्तमानपत्रांतल्या यशोगाथा केंद्राच्या फाटकापाशी संपतात. फाटकापासून घरापर्यंतचा प्रवास घरच्यांवर सोडलेला असतो आणि घरच्यांना वाटते, माणूस दुरुस्त होऊन आला.

मधले घर

फाटक आणि घर यांच्यामधली जागा अशी मी ज्याला म्हणते, तिची कल्पना जगात कुठून आली? अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे संस्थापक बिल आणि त्याची पत्नी लोईस यांनी ब्रुकलिनच्या आपल्या घरात पिणाऱ्यांना आणून ठेवले होते, जेवू घातले होते. पुढे अमेरिकेत 'अर्ध्या वाटेवरची' घरे निघाली. त्यांतल्या दोन कथा आपल्याला उपयोगाच्या आहेत, एक इशारा म्हणून, एक नमुना म्हणून.

इशारा सिनॅनॉनचा. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स डेडरिक याने व्यसनी लोकांनी एकत्र राहून एकमेकांना सुधारावे म्हणून ही वसाहत काढली. सुरुवातीला तिचे जगभर कौतुक झाले. पण दार आतून बंद होत गेले, सगळी सत्ता एका माणसाच्या हाती आली, मुंडण सक्तीचे झाले. १९७८ मध्ये संस्थेविरुद्ध लढणाऱ्या एका वकिलाच्या टपालपेटीत जिवंत रॅटलस्नेक ठेवण्यापर्यंत मजल गेली. दारू सुटली, माणूस मात्र सुटला नाही.

नमुना ऑक्सफर्ड हाउसचा. १९७५ मध्ये मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग गावी सरकारी मदतीवरचे असेच एक घर पैशाअभावी बंद होणार होते. तिथे राहणाऱ्या पॉल मोलॉय आणि सोबत्यांनी ठरवले की घर आपणच भाड्याने घेऊ. नियम तीनच ठेवले. घराचे निर्णय राहणाऱ्यांच्या मताने. खर्च सगळ्यांनी वाटून. आणि जो पिईल त्याने घर सोडायचे. पगारी व्यवस्थापक नाही, मुक्कामाची मुदत नाही. अशी घरे पुढे हजारोंनी झाली. लिओनार्ड जेसन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उपचार संपवलेल्या १५० जणांना चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटले होते. निम्मे ऑक्सफर्ड हाउसमध्ये, निम्मे नेहमीच्या पाठपुराव्यावर. दोन वर्षांनी पुन्हा व्यसनाकडे वळलेले पहिल्या गटात ३१.३ टक्के होते आणि दुसऱ्यात ६४.८ टक्के. अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा भंडाऱ्याला लावता येणार नाही. पण दोन्ही गटांनी उपचार पूर्ण केलेले होते. मुख्य फरक होता तो राहण्याचा.

आपल्या कायद्यातही ही जागा आहे, हे मला उशिरा कळले. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था त्यात येतात. केवळ घर नाही, घरचे घेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्यावरून कुणाला उपचारसंस्थेत अडकवून ठेवता येत नाही. आणि जिथे कुटुंबात राहणे शक्य नाही तिथे मधली घरे, गटघरे यांसारख्या कमी बंधनाच्या जागा शासनाने वाजवी मुदतीत उभ्या कराव्यात किंवा त्यांना मदत करावी, असे कलम १९ सांगते. याच कायद्याने साखळी बांधणे, सक्तीचे मुंडण, मोबदल्याशिवाय राबवून घेणे यांना मनाई केली. कलमे कागदावर स्वच्छ आहेत. भावासाठी जागा शोधायला मी निघाले तेव्हा भंडाऱ्यात मला असे एकही घर सापडले नाही. मी नागपूरकडे वळले.

निवड

नागपुरात मी तीन ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणी फाटकाला बाहेरून कुलूप होते. कार्यालय चकचकीत, भिंतीवर प्रमाणपत्रे. आत राहणाऱ्यांशी बोलता येईल का विचारले तर "पहिले तीन महिने भेट नाही" असे उत्तर मिळाले. त्याच तीन महिन्यांचे पैसे मात्र आगाऊ मागितले. नोंदणीचा कागद दाखवा म्हटल्यावर साहेब बाहेर गेले होते. खिडकीत एक मुलगा उभा होता, डोके भादरलेले. मी तिथून निघाले ती जवळजवळ पळतच.

दुसरे ठिकाण चांगले होते, पण ते पुन्हा केंद्रच होते : समुपदेशन, व्याख्याने, घंटेवर जेवण. भाऊ हे तीनदा करून आला होता. त्याला आता शिकायचे होते ते पगाराच्या दिवशी खिशात पैसे असताना घरी परत यायला.

तिसरे म्हणजे भाड्याचे साधे घर, नागपूरच्या एका जुन्या वस्तीत. वर तीन खोल्या, खाली घरमालक. सहा जण राहत. त्यांतला सर्वांत जुना, नऊ वर्षे न प्यायलेला, एका कारखान्यात फिटर होता. स्वयंपाकघरात खिळ्याला एक वही अडकवलेली होती. त्यात भाडे, किराणा, गॅस, कुणाची पाळी कधी, हे सगळे. मी परवानगी घेऊन ती चाळली. एका पानावर एका माणसाच्या नावापुढे लिहिले होते, "पिऊन आला. सकाळी सहा जणांनी बसून ठरवले. बहिणीकडे पोचवून दिले. सामान ठेवले आहे." मला ते शेवटचे वाक्य वाचून धीर आला. नियम पाळला होता, आणि माणसाला रस्त्यावरही टाकले नव्हते.

मी विचारलेले प्रश्न इथे लिहून ठेवते. कुणा बहिणीला, बायकोला, बापाला उपयोगी पडतील. दार कुठल्या बाजूने बंद होते? आत राहणाऱ्याशी एकट्याने बोलू देतात का? कोण पिऊन आला तर काय करतात, आणि तो निर्णय कोण घेतो? रात्री झटका आला, जीव द्यावासा वाटला, तर कुठला डॉक्टर, कुठला दवाखाना? डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेऊ देतात का? पैसे महिन्याला घेतात की आगाऊ, पावती मिळते का? राहणारे दिवसा काम करतात की दिवसभर बसून असतात? जवळ अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची किंवा तशी दुसरी बैठक आहे का? आणि शेवटचा, जो मी विसरले होते आणि भावाने विचारला : "इथून सुट्टीले कोनी घरी गेला का? परत आला का?"

हे तिसरे घर मला तोपर्यंत वाचलेल्या इतिहासाची आठवण करून देत राहिले. दारू आत येणार नाही, हा राज्याचा हट्ट तिथे होता, पण पोलीस नव्हता. संध्याकाळची बैठक आणि एकमेकांवरची नजर होती, जशी सेवकांच्या घरांत असते, पण देव प्रत्येकाचा आपापला. एका कोपऱ्यात गजानन महाराज, एकात बाबासाहेब, एकात येशू. केंद्रातून शिकलेले शब्द होते, पण घंटा नव्हती. आपल्याकडच्या तिन्ही उत्तरांत जे टिकाऊ होते ते त्या तीन खोल्यांत सहा माणसांनी आपल्या हिमतीवर एकत्र केले होते. ते त्यांनी कुठे वाचले नव्हते. फिटर म्हणाला, "मॅडम, आम्ही पुष्कळ वेळा पडलो, त्यातून हे नियम निघाले."

कमीही होतेच. कायद्याच्या चौकटीत हे घर नेमके कुठे बसते, हे त्या सहा जणांना ठाऊक नव्हते आणि मलाही कुणी नीट सांगितले नाही. घरमालक उद्या जागा रिकामी करा म्हणाला तर सगळे रस्त्यावर. महिन्याचे भाडे भरू न शकणाऱ्या शेतमजुराला तिथे जागा नाही. आणि बाईला तर नाहीच. पिणाऱ्या बायका भंडाऱ्यातही आहेत, मोहाच्या मुलखात त्या नेहमीच होत्या. त्यांच्यासाठी मधले घर हा विषय अजून कुणी बोलायलाही घेतलेला नाही. शासनाने इमारती बांधाव्यात असे माझे म्हणणे नाही. भाड्याची अनामत, एक दूरध्वनी करावा असा डॉक्टर आणि अशा घरांना मान्यता, एवढे जरी जिल्हावार मिळाले तरी भंडारा, साकोली, तुमसर इथे चारचार खोल्यांची घरे उभी राहू शकतील. केंद्रांतून सुटून येणारी माणसे तर दर महिन्याला येतच आहेत.

भाऊ त्या घरात चौदा महिने राहिला. वहिनी दर रविवारी मुलाला घेऊन जायची. पहिले दोन महिने तो तिच्याशी फार बोलला नाही, मग बोलू लागला. मधे एकदा तो घसरला. वहीत त्याचेही पान आहे. चार दिवस तो माझ्याकडे होता, पाचव्या दिवशी सहा जणांपैकी दोघे येऊन त्याला परत घेऊन गेले. त्यानंतर आजपर्यंत नाही. उद्याचे मी लिहीत नाही, तोही बोलत नाही.

त्या पहिल्या दिवाळीला मंडईमुळे त्याला गावी आणता आले नाही, म्हणून भाऊबीजेला मीच नागपूरला गेले होते. आईने डब्यात अनारसे दिले होते. ताम्हनात निरांजन लावले, भाऊ पाटावर बसला, मी ओवाळले. उठताना पाहिले तर मागे बाकीचे पाच जण हात-पाय धुऊन, धुतलेले शर्ट घालून भिंतीशी ओळीने उभे होते. त्यांतल्या कितीजणांच्या बहिणी त्यांच्याशी बोलत होत्या, मी विचारले नाही. पाट पुसला आणि फिटरला म्हटले, "बसा."